तिथे भांडी कोण घासतं?

२०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवायचा करार केला, आणि तेव्हापासून माझ्या व्हॉट्सअ‍ॅपला आराम नाही. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट, आणि मी राहते स्टुटगार्टला लागूनच. अमळनेर, पारोळा, धरणगाव, कुठून कुठून नंबर मिळवून पोरं मेसेज टाकतात, आयटीआयवाले, नर्सिंगच्या मुली, एक जण तर ट्रॅक्टर चालवणारा होता. ताई पगार किती पडतो, ताई सेव्हिंग किती होतं, ताई तिकडे लाइफ एकदम भारी आहे ना. प्रत्येकाला वेगळी व्हॉइस नोट पाठवून पाठवून कंटाळा आला, म्हटलं एकदाच बसून लिहून काढू.

पण एवढ्या प्रश्नांत मुद्द्याचा प्रश्न विचारला तो माझ्या मोठ्या काकूने. गेल्या उन्हाळ्यात गावी ओट्यावर बसलो होतो, माझा नवरा पोराला वरण-भात भरवत होता, काकू त्याच्याकडे बघत बघत मला म्हणे, "पगारनं ऱ्हाऊ दे वं माय, तठे भांडा कोन घसस?" मी म्हटलं मशीन घासतं, आणि मशीनमध्ये कधी मी लावते कधी हे लावतात. काकूने जावयाला वरपासून खालपर्यंत एकदा पाहून घेतलं आणि पुढचं काही विचारलंच नाही.

दोन देशांची तुलना निघाली की लोक रस्ते, हवा, पगार असं सगळं काढतात. मला विचाराल तर काकूच्याच फुटपट्टीने मोजा. आपण ज्याला चांगलं राहणीमान म्हणतो ना ते कोणाच्या तरी कष्टावर चालत असतं, कोणाच्या ते फक्त बघायचं. जर्मनीत ते नळ, कायदा आणि विमा करतो, नाहीतर तुम्ही स्वतः करता. आपल्याकडे कोणीतरी बाई करते, बहुतेक घरांत आई.

आता पाणीच घ्या. आमच्या गावात नळाला पाणी रोज येत नाही. पाऊस बरा झाला तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मे महिन्यात आठ-आठ दिवस पण जातात, आणि येणार किती वाजता ते फक्त वॉलमनला माहीत. कधी पहाटे चारला, कधी भर दुपारी. त्यामुळे आईचा एक कान कायम गल्लीकडे असतो. कोणीतरी "आलं वं, आलं" असं ओरडलं की पदर खोचून पहिली मोटर लावायची, कारण ज्याची मोटर आधी त्याला प्रेशर. सुरुवातीचं गढूळ पाणी बादल्यांत, ते संडासाला आणि अंगणात मारायला. मग पाइप वरच्या टाकीला. मग स्वयंपाकघरातला तांब्याचा हंडा, त्याच्या तोंडाला धुतलेल्या सुती लुगड्याचं दुहेरी फडकं, आणि ते ताणून बांधायचं, मधे झोळ राहिला तर गाळ तिथे जमून कडेने आत उतरतो. मग पिंप, कळशा, तेलाचे रिकामे डबे. मधेच लाइट गेली तर शेजारच्या हातपंपावर पळायचं. हे चालू असताना तिच्याशी कोणी बोलायचं नाही, पाहुणा आला तरी. पाणी गेलं की मग ती ओल्या पायांनी उंबऱ्यावर टेकते आणि किती दिवस पुरेल त्याचा हिशोब लावते. एवढं करून प्यायला वीस लिटरचा जार विकतच येतो, ते वेगळं.

आणि गंमत सांगू का, लहानपणी मला वाटायचं आमच्या घरी पाण्याचा प्रॉब्लेमच नाही. कारण माठात कधीही तांब्या घाला, पाणी असायचंच.

स्टुटगार्टमध्ये बरंचसं पाणी बोडेनसे नावाच्या मोठ्या तलावातून येतं, शंभर किलोमीटरच्या वर लांबून, १९५८ पासून पाइपाने. मी सकाळी नळाखाली ग्लास धरते आणि पिते. क्षार जास्त आहेत म्हणून केटलीत पांढरा थर बसतो, अधूनमधून व्हिनेगर टाकून उकळायचं, एवढंच काय ते पाण्याचं काम. आणि आमच्या अमळनेरपासून तापी किती लांब? काहीच नाही. पाडळसे धरणाचं नाव मी शाळेत असल्यापासून ऐकतेय, नव्वदच्या दशकातला प्रकल्प, अजून दर निवडणुकीत भाषणात येतो. म्हणजे पाणी नाही असं नाही, पाणी घरापर्यंत आणायचं काम सरकारऐवजी माझी आई करते.

आता लगेच जर्मन लोक फार वक्तशीर वगैरे म्हणू नका हां. स्टुटगार्टला नवीन भुयारी रेल्वे स्टेशन बांधतायत, काम २०१० ला सुरू झालं, २०१९ ला उघडणार होतं, आणि २०२५ संपता संपता परत पुढे ढकललं. लांब पल्ल्याच्या गाड्या २०२४ मध्ये वेळेवर आल्या त्या फक्त साडेबासष्ट टक्के, आणि तिथे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर झाला तर तो उशीर धरतच नाहीत! आमच्या भुसावळच्या मामांना हे सांगितलं तर त्यांना इतका आनंद झाला की दोन दिवस ज्याला त्याला सांगत होते.

बरं, आता माझ्या आवडत्या विषयाकडे येते. केअरवोखे. स्टुटगार्टच्या आसपास जे श्वेबिश लोक आहेत त्यांची ही पद्धत, मुळं पार पंधराव्या शतकात जातात म्हणे. म्हणजे बिल्डिंगमधल्या प्रत्येक बिऱ्हाडाने पाळीपाळीने आठवडाभर साफसफाई करायची. तुमची पाळी आली की तुमच्या दाराला एक छोटी पाटी लटकते. ती लटकली की वरपासून खालपर्यंत जिना झाडायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, कठडा पुसायचा, तळघराची वाट झाडायची, कुठे कुठे बिल्डिंगपुढचा फुटपाथ पण. थंडीत बर्फ पडला तर सकाळी सातच्या आत फुटपाथवरचा बर्फ खरवडलेला पाहिजे, कोणी घसरून हात मोडला तर तुमच्यावर शेकू शकतं. भाड्याच्या करारातच लिहिलेलं असतं सगळं, सही करताना आपल्याला कुठे कळतंय.

आमच्या खालच्या मजल्यावर ऐंशीच्या घरातल्या एक आजी राहतात. माझी पहिली पाळी झाली त्या शनिवारी त्यांनी बेल वाजवली. मला वाटलं केक वगैरे घेऊन आल्या. त्यांनी मला काही न बोलता जिन्यावर नेलं, एका पायरीच्या कोपऱ्यात तर्जनी फिरवली आणि ते बोट माझ्या नाकासमोर धरलं. बोटाला धूळ. मग स्वतःच्या घरून एक बारीक दातांचा ब्रश आणून माझ्या हातात दिला आणि गेल्या. माझ्या सासूबाईंनी, ज्या अख्ख्या चोपड्यात कडक म्हणून प्रसिद्ध आहेत, त्यांनी पण माझ्यावर कधी असं बोट फिरवलेलं नाही.

तेव्हा डोकं फिरलं होतं, पण पुढच्याच आठवड्यात पाटी वरच्या मजल्यावर गेली. तिथे दातांचे डॉक्टर राहतात, स्वतःचा दवाखाना आहे, गाडी बघाल तर डोळे फिरतील. तो माणूस शनिवारी सकाळी गुडघ्यावर बसून तीच पायरी पुसत होता. आजींनी त्याच्या पण कोपऱ्यात बोट फिरवलं असेल याबद्दल मला शंका नाही.

आमच्या गावातले डॉक्टर जिना पुसतील? सोडा डॉक्टर, माझा चुलत भाऊ पुसेल का, ज्याला दोन वर्षं काम नाही? आमच्याकडे रस्ता कोण झाडतं, गटार कोण काढतं, ती माणसं कोणत्या गल्लीतून येतात हे लहान पोराला पण माहीत असतं, आणि त्यांना कोणत्या ग्लासातून पाणी द्यायचं ते पण. राहणीमानाची तुलना करताना हा कॉलम कोणी भरतच नाही, सरळ पुढे जाऊन "पण आपल्याकडे कामाला माणसं मिळतात हो" असं म्हणतात. मिळतात कारण त्यांना दुसरं काही मिळत नाही.

जर्मनीत दुसऱ्याचे कष्ट महाग आहेत, हे येणाऱ्यांनी नीट समजून घ्या. २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो, म्हणजे आपले हजारावर रुपये, आणि झाडू मारणाऱ्याला पण निदान तेवढं तरी द्यावंच लागतं. प्लंबर बोलावला तर तारीख मिळते पुढच्या आठवड्याची आणि नुसतं घरापर्यंत यायचे पैसे वेगळे लावतो. मग काय, सगळं आपणच शिकायचं. भाड्याचं घर बघायला गेलो तर स्वयंपाकघरात चार भिंती आणि नळाचं तोंड, बाकी काही नाही, ओटा नाही, सिंक पण नाही, आधीचा भाडेकरू स्वतःचं किचन काढून घेऊन गेलेला, तशीच पद्धत आहे तिथे. माझ्या नवऱ्याने आयुष्यात कधी खिळा ठोकला नव्हता, त्याने यूट्यूब बघून अख्खं किचन बसवलं, एक दार अजून तिरकं आहे, पण बसवलं.

पगाराचं पटकन सांगते कारण सगळे तेच विचारतात. ग्रॉस ४००० युरो ठरला तर एकट्या माणसाच्या हातात साधारण २६०० च्या आसपास येतात, बाकी टॅक्स, पेन्शन, आरोग्य विमा. स्टुटगार्टजवळ धड घर हजाराच्या खाली विसरा. डिपॉझिट म्हणून तीन महिन्यांचं भाडं मागू शकतात. टीव्ही असो नसो, रेडिओ-टीव्हीची फी महिन्याला १८.३६ युरो. देशभर लोकल, ट्राम आणि बस चालते असा पास मिळतो तो आता ६३ युरोला, २०२३ ला सुरू झाला तेव्हा ४९ होता. रुपयात गुणाकार करून गावात सांगत बसलात तर तुम्ही राजे, पण खर्च पण युरोतच होतो ना बाबा.

बाळंतपणाबद्दल मात्र जरा निवांत लिहिते, कारण इथे मला खरंच ठरवता येत नाही.

माझी चुलत बहीण आणि मी, दोघींना थोड्या अंतराने मुलं झाली. ती माहेरी आली, आमच्याच वाड्यात, काकूकडे. सव्वा महिना तिने जमिनीला पाय लावला नाही असं म्हटलं तरी चालेल. पहाटे चुलीवर पाण्याचं मोठं पातेलं, मालिशवाल्या मावशी रोज येणार, तिची आणि बाळाची अंघोळ, मग खाटेखाली शेगडी, ओवा-शेपाची धुरी, डिंकाचे लाडू, बाजरीची गरम भाकरी तुपात चुरून. बाळ रडलं की उचलायला कोणीतरी असायचंच, तिला रात्रीची झोप मिळायची. मला हे काही नाही मिळालं. आईचा व्हिसा उशिरा लागला, ती आली तोपर्यंत बाळ मान धरायला लागलं होतं.

मला मिळाली हेबामे, म्हणजे सरकारमान्य सुईण म्हणा. पहिले दहा दिवस रोज घरी यायची, नंतर अधूनमधून बारा आठवड्यांपर्यंत, सगळं विम्यात, मला एक सेंट पण द्यावा लागला नाही. बाळाचं वजन कापडी झोळीला अडकवलेल्या काट्यावर करायची, माझे टाके बघायची, दूध नीट येतंय का बघायची, आणि रोज एक प्रश्न विचारायची जो मला आमच्याकडे कोणीच विचारला नसता, की तू रडतेस का. पहिल्यांदा तिने विचारलं तेव्हाच मी रडले, मग ती चहा करायला उठली, म्हणे तू बस. आणि नवऱ्याने दोन महिने सुट्टी घेतली. तिथे आई-बाप दोघांनी सुट्टी घेतली तर मिळून १४ महिने सरकार पैसे देतं, पगाराच्या साधारण दोन तृतीयांश, महिन्याला जास्तीत जास्त १८०० युरो. गावी हे कळल्यावर "जावई घरी बसलाय" अशी बातमी पसरली आणि वडिलांना दोन-तीन लोकांनी हळूच विचारलं पण, नोकरी गेली का.

मग कोणाचं बाळंतपण चांगलं झालं? बहिणीचं. मी सरळ सांगते, आराम तिला जास्त मिळाला. पण त्या सव्वा महिन्यात काकू किती झोपली याची नोंद कोणाकडे नाही. तिचा एक गुडघा तेव्हापासून जो दुखतोय तो दुखतोयच. आणि बहिणीचा नवरा बाराव्या दिवशी बारशाला आला, जेवला, फोटो काढले, गेला. शिवाय ही झाली घरात माणसं असलेल्यांची गोष्ट. कायद्याने आपल्याकडे २०१७ पासून २६ आठवड्यांची भरपगारी सुट्टी आहे, जर्मनीतल्या १४ आठवड्यांपेक्षा जास्तच, पण ती दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी नोकरी असेल तर. आमच्याकडे कापूस वेचायला येणाऱ्या बायकांना कोण देणार? त्यांना पहिल्या बाळाला केंद्राच्या योजनेचे पाच हजार, ते पण कागद नीट असतील तर, आणि मग परत शेतात, बाळ झाडाला झोळीत.

दवाखान्याचं पण तसंच. जर्मनीत कातडीच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट काढायला गेलात तर तीन-तीन महिने लागतात, तोपर्यंत पुरळ येऊन जाऊन परत आलेलं असतं. गावी आमचे डॉक्टर रात्री दहाला पण बनियनवर दार उघडतात, तपासतात, पन्नास-शंभर घेतात, नाहीतर "राहू दे नंतर" म्हणतात. सर्दी-तापाला माझं मत डोळे झाकून गावाला. पण माझ्या नवऱ्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तिथे आम्हाला दिवसाला १० युरो एवढंच बिल आलं, नियमच तसा आहे, आणि वर्षाला २८ दिवसांपुरतेच ते घेतात. मला तिथे थांबायला पण परवानगी नव्हती, नर्स म्हणाली तू घरी जा, आम्ही आहोत. मला तर कसंतरीच झालं, नवरा आत नि मी बसमध्ये.

वडिलांच्या छातीत दुखलं त्या रात्री चुलत भावाने गाडी काढली आणि धुळ्याला नेलं. भाऊ नसता तर? गाडी नसती तर? तिथे एका खाजगी दवाखान्यात आधी डिपॉझिट, मग बाकी. ओळखीतून ओळख काढत एका कंपाउंडरपर्यंत पोचलो तेव्हा कुठे मोठे डॉक्टर बोलले. महात्मा फुले योजनेत पाच लाखांपर्यंत उपचार होतात, कार्ड घरात होतं, पण त्या रात्री ते कोणाला आठवलं नाही आणि तिथे कोणी विचारलं पण नाही. मग पुढचे दिवस आई व्हरांड्यात चटईवर. औषध आणा, रिपोर्ट आणा, सलाइन संपलं तर सिस्टरला हाक मारा, डबा, चहा, अंग पुसणं. आपल्या दवाखान्यात पेशंटबरोबर एक माणूस लागतोच, तो धरूनच सगळं चालतं, आणि तो बिनपगारी माणूस बहुतेक साडीत असतो.

आता तुम्हाला वाटेल ही बाई नुसती जर्मनीचे गोडवे गातेय. नाही हो. नोव्हेंबरपासून जे अंधारायला लागतं, साडेचारला रात्र, ते सहन करायला वेगळं काळीज लागतं. रविवारी सगळी दुकानं बंद, त्यांच्या संविधानातच रविवारच्या सुट्टीला संरक्षण आहे, त्यामुळे शनिवारी दूध विसरलात तर सोमवारपर्यंत काळा चहा. रात्री दहानंतर वॉशिंग मशीन लावली तर आजी काठीने खालून छत ठोकतात. पहिल्या हिवाळ्यात तर नवरा सोडून कोणाशी बोलले नाही असे सलग कितीतरी दिवस गेले. आमच्या गल्लीत तोंडातून शब्द न काढता एक तास घालवून दाखवा.

आणि भरीत! तिथे मिळतं ते काळं चकचकीत वांगं, आत नुसता कापूस. आपलं बामणोदचं हिरवं-पांढरट मोठं वांगं कुठे आणि ते कुठे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ ला जीआय, म्हणजे त्या भागाची खासियत असल्याचा सरकारी शिक्का, मिळालं ते उगाच नाही. ओव्हनमध्ये भाजलं तर धुराचा वास नाही, गॅसवर भाजावं तर घरोघर छताला स्मोक अलार्म, तो बोंबलायला लागतो. डिसेंबरात शेतात तुरकाट्या पेटवून भाजलेली वांगी, ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, कळण्याच्या पुऱ्या आणि पंधरा-वीस माणसं पंगतीत, हे जर्मनीला सात जन्मात जमणार नाही. आणि भरीत पार्टीत वांगी भाजायला, ठेचायला पुरुष पुढे असतात, हे कबूल करते, बरं. पुऱ्या कोण लाटतं ते विचारू नका.

परकेपणाचं पण सांगायला पाहिजे, कारण एजंट लोक ते सांगत नाहीत. घर शोधताना आमचं आडनाव वाचून उत्तरच आलं नाही असं किती वेळा झालं मोजलं नाही. २०२५ च्या फेब्रुवारीतल्या निवडणुकीत स्थलांतरितांच्या विरोधात बोलणाऱ्या एएफडी पक्षाला २०.८ टक्के मतं पडली, दुसऱ्या नंबरवर आला. रोज काही कोणी अंगावर येत नाही, पण ट्राममध्ये पोराशी मराठीत मोठ्याने बोलताना आता एकदा इकडेतिकडे बघते मी. २०२४ च्या नवीन कायद्याने पाच वर्षांनी तिथलं नागरिकत्व मागता येतं आणि जर्मनीला जुना पासपोर्ट ठेवला तरी चालतं, पण भारताला चालत नाही, आपला पासपोर्ट जमा करावा लागतो. मग ओसीआय कार्ड, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते. आणि ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आली तर ठीक. नवरा म्हणतो आपल्याला कुठे शेती घ्यायचीय. वडिलांसमोर हे वाक्य बोलायची त्याची पण हिंमत नाही.

म्हणून पोरांनो, तिकडचं राहणीमान चांगलं का, तर ज्याच्या घरात आत्तापर्यंत त्याचे कष्ट दुसरं कोणी करत होतं त्याला पहिलं वर्षभर ते वाईटच वाटेल. ज्या मुलाने जेवलेलं ताट कधी उचललं नाही तो तिथे दोन महिन्यांत "इंडिया इज बेस्ट" म्हणायला लागतो, पाहिलेत मी असे. मुली सहसा म्हणत नाहीत. त्यांना आईची आठवण येते, रडतात पण, तरी रात्री अकराला ट्रेनमधून एकट्या घरी येतात आणि सकाळी पाण्यासाठी कान लावून उठत नाहीत, हे त्यांना कळलेलं असतं.

माझ्या आई-वडिलांचं काय, हा प्रश्न राहतोच. त्यांना कायमचं तिकडे नेणं सोपं नाही. २०२४ च्या मार्चपासून कुशल कामगारांना आई-वडील आणायची सोय झाली, पण ज्यांना परवाना त्या तारखेनंतर पहिल्यांदा मिळाला त्यांनाच, आम्ही आधीचे. आणि ज्यांना लागू आहे त्यांना पण म्हाताऱ्या माणसांचा आरोग्य विमा काढताना नाकी नऊ येतात. आणि आईला यायचंच नाही. तिने तिथे तीन महिने काढले, नळ बघून खूश झाली, बाकी काही आवडलं नाही, म्हणे गल्लीत माणूस दिसत नाही.

मग आता आम्ही गावातल्याच एक मावशी ठेवल्यात, सकाळी येतात, पाणी भरतात, वडिलांच्या गोळ्या काढून देतात, भाकरी टाकून संध्याकाळी जातात. मी आईला न विचारता त्यांचा पगार गावच्या रेटच्या दुप्पट केला, त्यावरून दोन घरांशी आमचं वाजलं, तुम्ही भाव बिघडवता म्हणून. तर या मावशींची मुलगी जळगावला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा करतेय, शेवटचं वर्ष. परवा तिचाच मेसेज आला, ताई जर्मनीला नर्सला काय काय लागतं. मी सगळं लिहून पाठवलं, जर्मन भाषा बी-टू पर्यंत, म्हणजे कामावर नीट बोलता येईल इतकी पाहिजे, शिक्षणाची मान्यता काढावी लागते, तोपर्यंत असिस्टंट म्हणून काम, एजंटला लाखभर रुपये आधी देऊ नकोस, आणि कागदावर सही करायच्या आधी फोटो काढून मला पाठव. ती संध्याकाळी जर्मनच्या ऑनलाइन क्लासला बसलीय म्हणे, मोबाइलवर.

आईला फोनवर सांगितलं तर आई पाच मिनिटं तिचं कौतुक करत होती, गुणाची पोरगी, आईचं नाव काढील. मग जरा थांबली आणि म्हणाली, "पोरगी पैसे पाठवायला लागली तर मावशी काम सोडतीन का गं?"